एलिनॉर झेलियट यांचे पारपत्र कशाला तपासता?

रविवारी पहाटे सिंहगडाकडे निघालेली पुण्याची तरुण मंडळी खडकवासल्याला हमखास थांबतात. धरणालगतच्या चौपाटीवर भाजलेले कणीस आणि गरम कांदाभजी हाती येतात, आणि मग इतिहासाची चर्चा रंगते. पाठीशी सिंहगड, समोर जलाशय, त्याच्या पलीकडच्या तीरावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा विस्तीर्ण परिसर. लष्करी इतिहासावर बोलण्यासाठी महाराष्ट्रात याहून योग्य जागा सापडणे कठीण. चर्चेत तानाजी मालुसरे येतात, पुरंदरचा तह येतो, पानिपत तर येतेच येते. मात्र एक प्रश्न तेथे सहसा कोणी उपस्थित करीत नाही. या मुलखात शस्त्र हाती घेण्यास कोणाला मनाई झाली, ती कधी झाली, आणि ती उठविण्यासाठी किती वर्षे अर्जविनंत्या कराव्या लागल्या?

हा प्रश्न विद्यापीठीय इतिहासलेखनाच्या कक्षेत आणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या एलिनॉर झेलियट अमेरिकन होत्या. त्यांचे नाव निघताच ठरावीक उत्तर कानी येते: परदेशी बाई, परदेशी विद्यापीठ, आमच्या समाजातील भेदांवर पोसलेले संशोधन. हे उत्तर आळशी आहे, आणि ते खडकवासल्याच्या काठावर उभे राहून द्यावे हे तर विशेष हास्यास्पद आहे. ज्या प्रबोधिनीचा प्रत्येक मराठी तरुणास सार्थ अभिमान वाटतो, तिची कल्पना मांडणाऱ्या ऑकिन्लेक समितीने १९४६ च्या अखेरीस अहवाल दिला तेव्हा तिच्यासमोर आदर्श होता तो वेस्ट पॉइंट येथील अमेरिकी लष्करी अकादमीचा. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली आणि जानेवारी १९५५ मध्ये खडकवासल्याच्या वास्तूत प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. वास्तूच्या उभारणीत सुदान सरकारची एक लाख पौंडांची देणगीही आहे. मुख्य इमारतीस सुदान ब्लॉक हे नाव त्यामुळेच मिळाले. अमेरिकेचा आराखडा चालतो, सुदानचा पैसा चालतो. मग अमेरिकन स्त्रीने लिहिलेला प्रबंध तेवढा का चालू नये?

झेलियट यांचा जन्म १९२६ साली आयोवा राज्यातील डी मॉइन येथे झाला. घराणे क्वेकर पंथाचे. हा पंथ युद्ध निषिद्ध मानतो. त्याच्या अनेक अनुयायांनी तत्त्व म्हणून सैन्यसेवा नाकारली आहे. त्याच पंथाने अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध फार लवकर आवाज उठविला होता. विल्यम पेन महाविद्यालयातून पदवी, ब्रिन मॉर येथून एम.ए., त्यानंतर काही वर्षे क्वेकर नियतकालिकाचे संपादन, अशी त्यांची वाटचाल झाली. १९५२ साली त्या प्रथम भारतात आल्या. १९६० च्या दशकात त्यांनी महाराष्ट्रात राहून संशोधन केले आणि १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास 'डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ' या विषयावरील प्रबंध सादर केला. आंबेडकरी चळवळीवरील अगदी आरंभीच्या विद्यापीठीय प्रबंधांत त्याची गणना होते. त्याच वर्षापासून १९९७ पर्यंत त्यांनी मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात अध्यापन केले. त्या काळात अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी पुण्यात आणून मराठी शिकावयास लावले.

आता त्या प्रबंधातील सैन्याचा भाग पाहावा. तो संपूर्ण प्रबंध नव्हे, परंतु चळवळीच्या मुळाशी जाणारा आहे.

महार सैनिक कंपनीच्या मुंबई लष्करात होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईवरून समाजमाध्यमांवर दरवर्षी रण माजते. स्तंभावरील नावे मोजली जातात, आकडे फेकले जातात आणि २ जानेवारीला सारे शांत होते. एका दिवसावर इतकी शाई सांडणाऱ्या उभय पक्षांना पुढच्या सुमारे पन्नास वर्षांच्या मूक संघर्षाचे मात्र सोयरसुतक नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लढाऊ जातीं'चा सिद्धान्त प्रबळ झाला. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत पंजाबी, गुरखा, पठाण यांच्या भरतीस प्राधान्य मिळाले आणि १८९२ च्या सुमारास महारांसाठी सैन्याचे दरवाजे बंद झाले. ज्यांच्या बापजाद्यांनी सुभेदारी केली, त्यांना एकाएकी 'तुम्ही लढाऊ नाही' असे सांगण्यात आले.

या बंदीचा अर्थ केवळ पगार गेला असा नव्हता. लष्करात शिक्षणाची सोय होती, सैनिकांच्या मुलांनाही शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, ही साधी गोष्ट ध्यानात घेतली तरी पुढचे पुष्कळसे उलगडते. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसावे लागे, त्यांच्या मुलांना छावणीत अक्षरे मिळत. भरती थांबली आणि तो मार्गही आटला.

त्याविरुद्ध पहिला लेखी आवाज कोकणातून उठला. दापोलीस स्थायिक झालेले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारकडे दाद मागणारा अर्ज तयार केला. पुढची पिढी पुण्याची होती. बटलरची नोकरी करणारे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा बोलावली आणि मुंबई सरकारकडे अर्ज धाडला. १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. १९१० साली थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे, सैन्यात आणि पोलिसांत प्रवेशाची मागणी करणारा अर्ज गेला. १९१७ साली, महायुद्धाच्या गरजेपोटी, १११ महार ही पलटण उभारण्यात आली. युद्ध सरल्यावर १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकण्यात आली. कायमस्वरूपी महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे, आणि तीही पुन्हा महायुद्ध दाराशी आल्यावर.

युद्ध पाप मानणाऱ्या पंथात वाढलेली एक स्त्री, आणि सैन्यात घ्या म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अर्ज करणारी माणसे! झेलियट यांनी आपल्या पंथाचा चष्मा त्या अर्जांवर ठेवला नाही. सैन्यसेवेची मागणी ही साहेबाची खुशामत होती, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. राष्ट्रवादी इतिहासलेखनाने तसे शेरे मारलेही आहेत. झेलियट यांनी त्या अर्जांत राजकीय साधने हाताळावयास शिकणारा समाज पाहिला: सभा भरविणे, ठराव करणे, सह्या जमविणे, मासिक चालविणे, राज्यकर्त्यांच्याच भाषेत त्यांना जाब विचारणे. १९२७ च्या महाडची पूर्वतयारी या कंटाळवाण्या दिसणाऱ्या कागदांत झाली होती. हे ज्याला उमजत नाही, त्याला आंबेडकर आकाशातून अवतरल्यासारखे वाटतात.

हे सर्व त्यांना कोठल्या गुप्त दप्तरखान्यात सापडले? बरेचसे येथेच. ह. ना. नवलकर यांनी लिहिलेले शिवराम जानबा कांबळे यांचे चरित्र १९३० साली पुण्यातच प्रसिद्ध झाले होते. झेलियट यांनी ते वाचले आणि वापरले. चां. भ. खैरमोडे यांच्या आंबेडकर-चरित्राचा पहिला खंड १९५२ साली मराठीतच निघाला होता. चळवळीत वावरलेली माणसे हयात होती आणि बोलण्यास तयार होती. पुणे विद्यापीठ तर १९४९ सालीच, प्रबोधिनीची कोनशिला बसली त्याच वर्षी, स्थापन झाले होते. साधने मराठी, माणसे मराठी, विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. आणि प्रबंध मात्र पेनसिल्व्हेनियात. लाज वाटावयाची असेल तर ती याची वाटली पाहिजे. झेलियट यांनी कोणाची जागा बळकावली नव्हती. जागा रिकामी होती.

येथे जेम्स लेन यांचे नाव पुढे केले जाईल. त्यांच्या पुस्तकातील मजकुराने महाराष्ट्र दुखावला, आणि जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेची नासधूस झाली. त्या मजकुरावरील आक्षेप पुराव्यानिशी मांडणे हा इतिहासाभ्यासकाचा अधिकारच आहे. संस्थेतील ग्रंथ आणि हस्तलिखिते विस्कटणे हा कोणाचाही अधिकार नाही. पण एका लेखकाच्या पुस्तकावरून एका देशातील सर्व अभ्यासक संशयित ठरविणे ही कोणती चिकित्सा? त्या न्यायाने जोतीराव फुले यांनाही दोषी धरावे लागेल. 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी १८७३ साली गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या काळच्या मराठी माणसास अमेरिकेकडे डोळसपणे पाहता येत होते. त्या देशाचे दोषही त्याला दिसत होते. खुद्द अमेरिकेच्या सैन्यात कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात, आणि तो भेद मोडण्याचा आदेश अध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला. कोणाला सैनिक मानावयाचे हा प्रश्न झेलियट यांच्या देशातही ताजाच होता.

टीका करावयाचीच असेल तर ती लेखनावर करावी, आणि तेथे वाव आहे. झेलियट यांच्या लेखनाचा गाभा महार समाज आहे. मातंग, चांभार आदी समाजांचे स्वतंत्र प्रवाह त्यात दुय्यम राहतात. चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेत गावोगाव फिरण्याचे काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी केले, आणि त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध झाला. झेलियट यांच्या लेखनास मिळालेले हे खरे उत्तर, कारण ते नव्या पुराव्याने दिलेले आहे. याउलट महारांच्या लष्करी भरतीवरील पुढचा महत्त्वाचा निबंध २००१ साली आला तो फिलिप कॉन्स्टेबल या परदेशी अभ्यासकाचा, इंग्रजीत, परदेशी नियतकालिकात. पारपत्र तपासणारी मंडळी तेव्हाही पारपत्रच तपासत होती.

झेलियट यांचे निधन ५ जून २०१६ रोजी झाले. त्यांचा प्रबंध अनेक दशके ग्रंथालयातील प्रतींच्या रूपानेच हिंडत राहिला होता; 'आंबेडकर्स वर्ल्ड' या नावाने २०१३ साली तो भारतीय प्रकाशकाकडून निघाला आणि आज कोणत्याही महाविद्यालयीन विद्यार्थ्याला मिळू शकतो.

खडकवासल्याच्या त्या दरवाजाचा प्रश्नही जुना झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना प्रबोधिनीत प्रवेश मिळाला, २०२२ साली त्यांची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. अर्ज, नकार, पुन्हा अर्ज, मग न्यायालय. त्यांचा इतिहास कोण लिहिणार, याची वाट कोणी अमेरिकेकडे डोळे लावून पाहू नये.

तोवर जुने काम पडलेले आहेच. १९०३ साली सासवडला जी माणसे जमली ती ५१ गावांतून आली होती. ती गावे कोणती, कोणत्या घरातून कोण गेले, कोणाच्या पेटीत एखादे पेन्शनचे कागद किंवा बिल्ला अजून आहे, हे विचारीत हिंडावयाचे तर दिवे घाट चढावा लागतो. सकाळी पुण्याहून निघाले तर दुपारपर्यंत दोन-तीन गावे सहज होतात, आणि व्हिसा लागत नाही.