दात बसवण्याआधी हाड कशाला?

एका वाचक भगिनीने विचारले आहे, "सासूबाईंची खालची दाढ ७ वर्षांपूर्वी काढली. आता स्क्रूचा पक्का दात बसवायला गेलो, तर डॉक्टर म्हणतात, हाड कमी पडते, आधी हाड भरावे लागेल. हे खरे, की पैसे काढण्याचा धंदा?"

ताई, जयभीम. शंका रास्त आहे. पण डॉक्टर खरे सांगत असतील. दात गेला की त्याला धरणारे जबड्याचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यावर येऊ शकते, मग ७ वर्षांचे काय! हा स्क्रू टायटॅनियम धातूचा असतो. हाड त्याला घट्ट धरून ठेवते. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. पण धरायला हाड तर हवे ना?

भरायचे हाड कधी रुग्णाच्याच हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून घेतात. कधी गुरांच्या हाडाची शुद्ध केलेली पूड वापरतात, कधी कृत्रिम पूड. (मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले होते, त्यांच्याच नातवंडांना आज ढोराचे हाड महागाने विकत घ्यावे लागते!) ही पूड म्हणजे नुसता मांडव, वेल आपल्याच हाडाचा वाढतो. त्याला ४ ते ६ महिने, कधी जास्तही लागतात. त्यानंतर स्क्रू, आणि तो पक्का झाल्यावर दात.

सासूबाई मिश्री लावतात का? तंबाखू, मिश्री, विडी चालू असेल तर भरलेले हाड न धरण्याचा धोका वाढतो, पैसे पाण्यात जाऊ शकतात. साखरेचा आजार असेल तर आधी ती आटोक्यात आणा. हाडे ठिसूळ होण्यावरची गोळी वा इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

एकूण खर्च लिहून मागा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथेही एकदा एक्स-रे दाखवा. एका दाढेसाठी व्याजाने पैसे मात्र काढू नका. काढ-घाल करायची कवळी किंवा शेजारच्या दातांच्या आधाराचा ब्रिज हाड न भरताही होतो. कवळी लावण्यात कमीपणा कसला?

आणि घरात आणखी कुणाची दाढ काढायची असेल, तर काढण्याआधीच विचारा, "पुढे स्क्रू बसवायचा झाला तर त्याच वेळी खड्डा भरून हाड राखता येईल का?"