जेट बदलण्याआधी...

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे वाईला धाकट्या भावाकडे आठ दिवस राहून आलो आणि येताना नखांत काळं ऑइल घेऊन आलो, ते अजून पुरतं निघालेलं नाही. "या वयात कसले नाद?" असं सौ. रोज एकदा विचारते. त्याला उत्तर म्हणून हा लेख समजावा!

तर झालं असं. माझी १९९४ सालची शंभर सीसीची हीरो होंडा तुम्हा नातेवाईकांपैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. अर्ध्या लोकांना तर मी तिच्यावरून एसटी स्टँडवर सोडलेलं आहे. निवृत्तीनंतर ती भावाकडे गेली. आता पुतण्या रोज पहाटे तिच्यावर दुधाचे दोन कॅन लावून पसरणी घाटाने पाचगणीला जातो. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी जरा कुठे उभी केली की बंद पडायला लागली. त्याने ती एका गॅरेजात दाखवली. तिथे निदान झालं, "पेट्रोलमध्ये आता इथेनॉल येतं, जुनी गाडी कोरडी चालते, मेन जेट मोठा टाकावा लागेल." टाकला. तेव्हापासून घाटात काळा धूर, प्लग काजळीने भरलेला, आणि साठचं अ‍ॅव्हरेज बेचाळीसवर. बंद पडायची ती पडतेच आहे! मी पोचलो तेव्हा घरात गाडी भंगारात द्यायची चर्चा चालली होती. "काका, इंजिनच संपलंय, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," असं पुतण्याने मलाच समजावलं.

मला वाईट नाही, राग आला. गॅरेजवाल्याचा नव्हे, न तपासता निदान करण्याच्या पद्धतीचा.

इथेनॉलची गोष्ट खोटी नाही, हे आधीच सांगतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ किलोच. म्हणजे इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. इंजेक्शनवाल्या नव्या गाड्यांत सेन्सर असतो, तो हा हिशेब काही प्रमाणात सांभाळून घेतो. कार्बोरेटर बिचारा पितळेच्या भोकातून जेवढं जाईल तेवढंच देणार. पण किती जास्त हवं? कुणी हिशेब करतं का? दहा टक्के मिश्रणावरून वीस टक्क्यांवर गेलं तर फरक पडतो सुमारे चार टक्क्यांचा. आता जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगणारा असेल (केहिनच्या जेटवर साधारणपणे शंभरांश मिलिमीटरमध्ये असतो), तर समजा १०० चा जेट आहे. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे सातवी-आठवीचं गणित. १०० चा १०२ केला की चार टक्के झाले. काम संपलं! पुतण्याच्या गाडीत टाकलेला जेट मूळच्यापेक्षा बारा आकड्यांनी मोठा होता. १०० चे ११२ म्हणजे सव्वापट पेट्रोल. मग धूर नाही निघणार तर काय निघेल? शिवाय ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, म्हणजे चांगलं इंजिन खरंच संपवायची सोय.

(खरे आकडे मी मुद्दाम देत नाही. कुणीतरी तेच घेऊन आपल्या भलत्याच गाडीला लावेल. आणि मिकुनीच्या षट्कोनी जेटवरचा आकडा व्यासाचा नसून प्रवाहाचा असतो, तिथे वर्गबिर्ग करायचा नाही.)

यात दुसरी चूक त्याहून मोठी. गाडी बंद पडत होती ती उभी असताना. तेव्हा मेन जेटचा काही संबंधच नसतो. थ्रॉटल बंद असल्यापासून साधारण पाव उघडेपर्यंत कारभार स्लो जेट आणि मिक्श्चर स्क्रूचा, मधल्या टप्प्यात सुईचा, आणि शेवटच्या पाव भागात मेन जेटचा. पोरगं गणितात नापास झालं म्हणून त्याला भूगोलाची शिकवणी लावली, असा हा प्रकार.

कार्बोरेटर खोलला. आत फ्लोटच्या वाटीत तपकिरी गाळ. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा मळही सोडवतं. तो सगळा येऊन बसतो स्लो जेटच्या बारीकशा भोकात. हे भोक तारेने टोकरू नये. पितळ मऊ असतं, एकदा भोक वाढलं की आकडा जुनाच पण जेट नवाच. आम्ही क्लीनरचा फवारा आणि सायकलवाल्याकडची हवा एवढ्यावर भागवलं. फिल्टर धुतला, तडकलेली पेट्रोलची नळी बदलली, टाकी रिकामी करून गाळ काढला. दीड दिवस गेला.

मूळचा जेट कुठे आहे विचारलं तर पुतण्याने फळीवरची काडेपेटी आणून दिली. पोरगं शहाणं. जुना जेट त्याने गॅरेजातून मागून आणला होता, का ते त्यालाही सांगता येईना.

तो बसवावा की एक पायरी मोठा, यावर आमचा बराच खल झाला. मी म्हटलं घाटाचा विचार कर. वाईपासून पाचगणी सुमारे साडेपाचशे मीटर उंच. वर हवा विरळ होते, म्हणजे त्याच जेटमधून मिश्रण आपोआप थोडं श्रीमंत होतं. माझ्या ठोकळ हिशेबाने तीनेक टक्के. इथेनॉलने जे कमी पडतं त्यातलं बरंचसं घाट भरून देतो! म्हणून मूळचाच बसवला. हाच मुलगा सपाटीला फलटणकडे दूध नेत असता तर कदाचित दोन आकडे वाढवले असते. स्क्रू गरम इंजिनवर पाव-पाव आटा फिरवून कानाने लावला. मग पुरत्या थ्रॉटलवर असताना मूठ किंचित मागे घेऊन पाहिली. तेव्हा गाडी उलट जोर धरू लागली, तर मेन जेट लहान समजायचा. तशी काही धरली नाही.

आता अ‍ॅव्हरेज छपन्न आहे. साठ नाही. ते चार कुठे गेले याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या दुचाकींना तीन-चार टक्के घट धरलेली होती. बाकी गाडीचं वय आणि दुधाचं वजन. इथेनॉलला माझा विरोध नाही, उसाच्या पट्ट्यात राहून तो असूही नये. पण २०२० मध्ये बीएस-६ येईपर्यंत विकल्या गेलेल्या असंख्य दुचाकींना कार्बोरेटरच होता. त्या चालवणारा माणूस दूधवाला, गवंडी, पेपर टाकणारा असतो. पेट्रोल बदललं, तर कोणत्या मॉडेलला कोणता जेट, बदलायचा की नाही, याचं एक पानी कोष्टक मराठीत प्रत्येक पंपावर लावायला काय हरकत आहे? ते नाही म्हणून हा माणूस अंदाजावर सोडला जातो आणि अंदाजाचे पैसे त्याच्याच खिशातून जातात.

वहिनींचं मत बदललेलं नाही. त्यांना बॅटरीची स्कूटर हवी आहे. पुतण्याने मोठा जेट त्याच काडेपेटीत टाकला, वर पेनने 'लावू नये' असं लिहिलं आणि फळीवर ठेवून दिली.