उरलेल्या पेरूची जेली होत नाही



मृग बहाराची तोडणी चालू आहे. गाडी भरून गेली की मऊ पडलेल्या पेरूचं एखादं कॅरेट मागे उरतंच. ते बघून जो तो एकच सल्ला देतो, "फेकता कशाला, जेली करा की!" गेल्या हिवाळ्यात आम्ही तेच केलं. वहिनी आणि गटातल्या दोघींनी दिवसभर राबून ३६ बाटल्या भरल्या. सकाळी बघतो तर जेली कुठली, नुसतं सरबत! साखर गेली, गॅस गेला आणि बायकांचा हुरूप गेला तो वेगळाच.

चूक वहिनीच्या हाताची नव्हती, माझी होती. मालच चुकीचा दिला मी.

जेली धरते ती पेक्टिनमुळे. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा हा पदार्थ. पाडाला आलेल्या, अजून कडक असलेल्या पेरूत तो भरपूर असतो. फळ पिकायला लागलं की फळातलीच एन्झाइम्स तो तोडायला लागतात. आपण दाबून बघतो आणि पेरू मऊ लागतो ना, तेव्हा पेक्टिनची मोडतोड बरीच पुढे गेलेली असते. गोडी आणि वास वाढतो, पण धरण्याची ताकद जाते.

नुसत्या पेक्टिननंही भागत नाही. आंबटपणा आणि साखर दोन्ही लागतात. आंबटपणामुळे पेक्टिनचे धागे एकमेकांना दूर ढकलायचे थांबतात, साखर पाणी ओढून घेते, मग धाग्यांची जाळी बनते आणि रस त्यात अडकतो. म्हणून लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड हे फक्त चवीपुरतं नसतं.

यंदा असं केलं. तीन वाटे पाडाचे पेरू, एक वाटा पिकलेले, वासापुरते. फोडी बुडतील एवढं पाणी, किलोला २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, अर्धा तास उकळी. रस फडक्यातून आपोआप गळू दिला; पिळला तर जेली गढूळ होते. मग चाचणी: चमचाभर गार रसात चमचाभर स्पिरिट. एकच घट्ट गोळा झाला तर रसाइतकी साखर, दोन-तीन तुकडे झाले तर पाऊणपट, बारीक कण झाले तर निम्मी. (चाचणीचा रस फेकून द्यायचा, चाखायचा नाही. स्पिरिट विषारी असतं.) साखर घातल्यावर मोठ्या आचेवर १०५ अंशापर्यंत आटवायचं. थर्मामीटर नसेल तर पळी तिरकी धरा. थेंब थेंब न पडता पापुद्र्यासारखं पडलं की झालं. जास्त वेळ रटरटत ठेवलं तरी पेक्टिन तुटतं.

कुणी म्हणेल, बाजारात पेक्टिनची पावडर मिळते, ती घाला. स्ट्रॉबेरीवाल्यांचं समजू शकतो, त्या फळात पेक्टिन मुळातच कमी. पण पेरूवाल्यानं पावडर विकत घ्यायची? आपल्याच झाडावर आहे ते आठ दिवस उशिरा तोडून घालवायचं आणि मग दुकानातून आणायचं, हा कुठला हिशोब?

माझं म्हणणं एवढंच. प्रक्रिया म्हणजे उरल्यासुरल्याची विल्हेवाट, हे आपल्या डोक्यात कुणीतरी भरवलंय. ते काढून टाका. गारांचा डाग पडलेला, आकारानं लहान, पण कडक पेरू तोडणीच्याच दिवशी वेगळा काढा. व्यापारी त्याला बदला म्हणतो, जेलीसाठी तो एक नंबर आहे. मऊ माल वाया जात नाही, त्याचा गर आटवून वडी करा. गोव्यात त्यालाच पेराद म्हणतात. पण जेलीच्या पातेल्यात तो ढकलू नका.

आणि घरातल्या बाईनं केलेली जेली धरली नाही, तर तिला बोलण्याआधी आपण कोणतं कॅरेट आणून दिलं होतं, ते आठवून बघा.