मुक्या रुग्णाने शिकविलेला निदानविचार

तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्याला हा अनुभव असेल. रुग्णाची तपासणी होते, पुड्या बांधून होतात, आणि उंबऱ्यापाशी रुग्ण घुटमळतो. ‘‘वैद्यबुवा, आमच्या मांजरीला सारख्या उलट्या होताहेत. तुमचं एखादं चूर्ण चालेल का तिला?’’ आपण क्षणभर हसतो आणि चिमूटभर काहीतरी देऊन टाकतो. वनस्पतिजन्य औषध आहे, गुण आला तर उत्तम, अपाय तर होणार नाही, असा आपला समज असतो. मीही अनेक वर्षे असेच केले. ही प्रथा आपण सर्वांनी सोडावी, असे आज मी या पानांतून आग्रहाने मांडत आहे. त्यामागील कारण माझ्या स्वतःच्या घरात घडले आणि त्यातील चूक सर्वस्वी माझी होती.

ठमी ही आमच्या घरची मांजरी. २०२२ च्या पावसाळ्यात तिला नववे वर्ष चालू होते. मूळची ती गुबगुबीत, वजन पाच किलोच्या वर. त्या सुमारास ती आठवड्यातून दोन-तीन वेळा ओकू लागली. मांजरे अंग चाटतात, पोटात केस जातात, त्यांचा गोळा उलटून पडतो, एवढ्या समजुतीवर आम्ही चार महिने काढले. वस्तुतः उलटीत केस क्वचितच असत. मल कधी बांधलेला, कधी पातळ. दिवाळीपर्यंत वजन सव्वाचार किलोवर आले आणि तिच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला.

तेव्हा माझ्यातील वैद्य जागा झाला. चिरकारी छर्दि, अनियमित मलप्रवृत्ती, बलक्षय या लक्षणांवरून अग्निमांद्य, आमसंचय आणि ग्रहणीदुष्टी अशी संप्राप्ती मी मनाशी जुळविली. सामावस्थेत प्रथम लंघन, मग दीपन-पाचन, हा क्रम आपणा सर्वांच्या रक्तात भिनलेला आहे. मी दोन दिवस तिचे अन्न बंद केले. तिसऱ्या दिवशी लशुनादी वटीचा चतुर्थांश तुपात कालवून तिच्या जिभेला लावला. तिने तोंडाला फेस आणून तो सगळा थुंकून टाकला. मी पुन्हा अन्न पुढे ठेवले, तर ती वाटीकडे बघेना. आणखी तीन दिवस तसेच गेले. सहाव्या दिवशी सकाळी तिच्या हिरड्या आणि कानांची आतील त्वचा पिवळी दिसली. ती कामला होती आणि कोणत्याही वैद्याला दुरूनही ओळखता आली असती.

आमच्या गावातील पशुवैद्य ही वयाने माझ्या मुलीएवढी. तिने ठमीला तपासले, रक्त घेतले आणि शांतपणे विचारले, ‘‘काका, हिने शेवटचं पोटभर कधी खाल्लं?’’ मी दिवस मोजून सांगितले. त्यावर तिने जे समजावून दिले ते मी शिष्यभावाने ऐकले. मांजर काही दिवस उपाशी राहिले, विशेषतः ते स्थूल असले, तर शरीरातील मेद झपाट्याने यकृताकडे धाव घेतो. एवढा मेद हाताळण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नसते. तो यकृताच्या पेशींतच साठतो आणि यकृताचे काम बंद पडू लागते. या विकारास हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात आणि वेळीच अन्न पोटात गेले नाही तर तो प्राण घेतो. माणसाला जे लंघन तारते, तेच मांजराला मारू शकते. या विकाराची मुख्य चिकित्सा आहार हीच आहे.

लशुनादी वटीचे ऐकून तर तिने कपाळावर हात मारून घेतला. लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात आणि त्यातून पांडुता येते. ठमीने ती मात्रा थुंकली हे तिचे दैव. माझ्या ज्ञानाने तिला वाचविले नाही, तिच्या जिभेने वाचविले.

मानेजवळून अन्ननलिकेत एक नळी बसवून तीन आठवडे आम्ही तिला दिवसातून पाच वेळा पिचकारीने पातळ अन्न दिले. पिवळेपणा उतरला. चौथ्या आठवड्यात तिने आपणहून वाटी चाटली, तेव्हा आमच्या घरात सण साजरा झाला. परंतु मूळ व्याधी तशीच होती. उलट्या पुन्हा सुरू झाल्या.

पुढील शोध दीर्घ होता. मलपरीक्षणात कृमी मिळाले नाहीत. वृक्काची तपासणी ठीक आली. उतारवयातील मांजरांत थायरॉइडच्या अतिरेकाने वजन घटते, म्हणून तीही तपासणी झाली, ती निर्दोष. पुण्याला नेऊन सोनोग्राफी केली, तेव्हा लहान आतड्याची भित्ती जाड झालेली आणि शेजारच्या लसिकाग्रंथी थोड्या वाढलेल्या आढळल्या. अर्थ दोन निघत होते. एक तर आतड्याचा जुनाट दाह, किंवा मंद गतीने वाढणारा लिंफोमा हा कर्करोग. दोहोंची लक्षणे सारखी आणि सोनोग्राफीतील चित्रही बरेचसे सारखे. निर्णय हवा तर आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि तेवढ्यानेही कधीकधी स्पष्ट उत्तर मिळत नाही. त्यात आणखी एक पेच असतो. स्टेरॉइड आधी सुरू केले तर नंतरची बायॉप्सी फसवी ठरू शकते. आणि बायॉप्सीसाठी भूल द्यावी, तर नुकतेच सावरलेले यकृत ती सोसेल की नाही याची धास्ती.

मांजराची शरीररचनाही निदानाला साहाय्य करीत नाही. त्याची पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका ग्रहणीत उघडण्यापूर्वी एकत्र येतात. त्यामुळे आतडे, यकृत आणि स्वादुपिंड या तिन्ही ठिकाणचा दाह पुष्कळदा एकत्र नांदतो आणि मूळ कोठे व शाखा कोठे हे सांगणे कठीण होते. शिवाय मांजर वेदना लपविते. ते विव्हळत नाही. पाय पोटाखाली घेऊन, पाठ किंचित उंचावून गप्प बसते. पाहणाऱ्याला वाटते, झोपले आहे.

येथे मला आपल्या शास्त्राची आठवण झाली आणि आपल्या अहंकाराचीही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न हे रुग्णपरीक्षेचे तीन मार्ग वाग्भटाने सांगितले. मुक्या रुग्णाच्या बाबतीत तिसरा मार्गच बंद. परंतु आपल्या आचार्यांना ही अडचण अपरिचित नव्हती. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील वेदनाध्याय हा सबंध अध्यायच न बोलणाऱ्या बालकाच्या वेदना त्याच्या चेष्टांवरून कशा ओळखाव्यात यासाठी आहे. कान दुखत असेल तर मूल हातांनी कान चाचपते, डोके हलविते, हे निरीक्षण तेथे नोंदलेले आहे. ज्या परंपरेने एवढ्या बारकाईने पाहिले, तिचा वारस असलेल्या मी चार महिने उलटीत केस आहेत की नाहीत हेसुद्धा नीट पाहिले नव्हते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात वैद्याला मोठा दिलासा दिला आहे. एखाद्या व्याधीचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्व विकारांना निश्चित नावे नसतात, असा त्याचा आशय. हे वचन आपण सारे व्याख्यानांतून सांगतो. परंतु त्याच्या पाठोपाठ दोष, अधिष्ठान आणि हेतू जाणून मगच कर्मास प्रवृत्त व्हावे अशी जी अट येते, ती आपण सोयीने विसरतो. ठमीच्या रोगाला नाव न देता येणे ही माझी चूक नव्हती. मी नाव घाईने दिले आणि ज्या जातीच्या देहाचे मला ज्ञान नाही त्यावर चिकित्सा केली, ही चूक होती.

सात्म्याचा विचार आपण देश, काल, वय, प्रकृती यांच्या संदर्भात करतो. जातिभेद मात्र आपल्या मनात येत नाही. मांजराचे उदाहरण घ्या. मधुर रस ओळखणाऱ्या ग्राहीचा एक जनुक मांजरात निकामी आहे, असे २००५ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे षड्रसांपैकी पहिला रसच ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी आपली रसाधिष्ठित आहारकल्पना जशीच्या तशी लागू कशी होईल? मांजर हे पूर्ण मांसाहारी प्राणी. टॉरिन हे द्रव्य त्याला आहारातूनच मिळावे लागते. ते न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. आपल्या घरोघरी मांजराला प्रेमाने दिला जाणारा दूधभात त्याला पुरा पडत नाही आणि पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचतही नाही. अनेक द्रव्ये निर्विष करण्याची जी प्रक्रिया मानवी यकृतात सहज चालते, ती मांजरात अत्यंत दुर्बल असते; म्हणून पॅरासिटामॉलची साधी गोळी त्याच्यासाठी विष ठरते. आपल्या आसव-अरिष्टांतील स्वयंजात मद्यांशही त्याला वर्ज्यच समजावा. एका जातीचे औषध दुसऱ्या जातीचे विष कसे होते, हे गिधाडांच्या बाबतीत सबंध देशाने पाहिले आहे. गुरांना चालणारे डायक्लोफिनॅक गुरांच्या कलेवरांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची वृक्के निकामी करून गेले. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर आकाश रिकामे झाले होते.

मग आपल्या शास्त्राचा येथे काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो औषधापेक्षा पद्धतीचा आहे. गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, असे चरकाचार्य सांगतात. पशुवैद्येने नेमके हेच सुचविले. तिने एकच तयार खाद्य नेमून दिले, ज्यातील प्रथिने आधीच विघटित केलेली होती. त्याखेरीज तोंडात काहीही जाऊ द्यायचे नाही. आहार हे कारण असेल तर बहुतेक मांजरांत दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. जोडीला ब १२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने, कारण आतड्याच्या जुनाट विकारात त्याचे शोषण घटते. मी वही घातली. उलटीची वेळ, तिचे स्वरूप, मल, वजन, आणि त्या दिवशी काय खाल्ले ते रोज लिहू लागलो.

उलट्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. पाचव्या आठवड्यात वही चाळताना ध्यानात आले की, उलटी बहुधा शुक्रवारी पहाटे होते. शोध घेता कळले की, आमच्या मातोश्री गुरुवारच्या उपवासाच्या दुधातील चमचाभर वाटा ठमीला गुपचूप देत होत्या. ‘‘एवढ्याशा दुधानं काय होतंय?’’ असे त्यांचे म्हणणे. हा प्रश्न आपले रुग्ण आपल्याला रोज विचारतात. चमचा बंद झाला आणि शुक्रवारची उलटी गेली. हेतू अंशतः तरी हाती लागला होता, तो कोणत्याही यंत्राने दाखविला नव्हता.

तरीही वजन पुरते वाढेना. अखेर २०२३ च्या उन्हाळ्यात, बायॉप्सी न करण्याचा निर्णय आम्ही घरच्यांनी विचारपूर्वक घेतला आणि पशुवैद्येने प्रेडनिसोलोन सुरू करून ते हळूहळू कमीत कमी मात्रेवर आणले. त्यामुळे ठमीला दाह आहे की मंद कर्करोग, हे आम्हाला कदाचित कधीच कळणार नाही. हे न कळणे सोबत घेऊनच आम्ही राहतो. रविवारी सकाळी तिला काट्यावर ठेवतो, वहीत आकडा लिहितो. गेले कित्येक महिने तो सव्वाचारच्या आसपास स्थिर आहे.

या अनुभवातून माझ्या मनात तीन गोष्टी निश्चित झाल्या आहेत. पहिली अशी की, पाळीव प्राण्याला आपण औषध देऊ नये. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार प्राण्यांची चिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे; आपली पदवी आणि नोंदणी त्यासाठी नाही. परंतु कायद्याहून मोठे कारण अज्ञानाचे आहे. हस्त्यायुर्वेद आणि शालिहोत्राची परंपरा असलेल्या देशाने तरी हे ओळखावे की, हत्ती आणि घोडा यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी स्वतंत्र शास्त्र रचले. माणसाची पुडी लहान करून त्यांनी हत्ती-घोड्यांना दिली नाही. दुसरी गोष्ट, उंबऱ्यापाशी असा प्रश्न आला तर एवढेच सांगावे : उपाशी ठेवू नका; एक दिवसाहून अधिक काळ मांजर खात नसेल तर पशुवैद्याकडे न्या; लसूण, कांदा आणि माणसाच्या गोळ्या देऊ नका. तिसरी गोष्ट संघटनेसाठी. आपल्या जिल्हा शाखांच्या बैठकीत वर्षातून एकदा स्थानिक पशुवैद्यकास बोलवावे आणि आपण श्रोते व्हावे.

आता कोणी मांजराविषयी विचारले की, मी पशुवैद्येचा पत्ता कागदावर लिहून देतो. काही जण नाराज होतात. ‘‘वैद्यबुवा, तुम्हाला एवढंही ठाऊक नाही?’’ असे एकाने तोंडावर म्हटले. ‘‘नाही ठाऊक,’’ मी उत्तर दिले. तीस वर्षांच्या व्यवसायात हे दोन शब्द उच्चारायला मला ठमीने शिकविले. मानवी रुग्णासमोरही ते आता मी पूर्वीपेक्षा लवकर उच्चारतो आणि मग पुन्हा नाडीवर हात ठेवून, पहिल्यापासून विचारायला सुरुवात करतो.

इति अलम्।