सार्वजनिक म्हणजे कोठे?

निगडीच्या प्राधिकरणातील आमच्या घरी गेल्या महिन्यात एक लहानसा पेच पडला. वरकरणी तो जागेचा होता. परंतु विचार करता करता निराळाच निघाला, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या नातवाने व त्याच्या मित्रांनी एक संगणक-मंडळ चालविले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबविला. पुढील ‘विंडोज ११’ ला विशिष्ट सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर लागतो; त्यामुळे घरोघरचे कित्येक चांगले चालते संगणक जणू सेवानिवृत्त झाले. अशा यंत्रांवर ‘लिनक्स’ ही प्रणाली विनामूल्य बसवून द्यावी, असे या मुलांनी योजिले. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा गाभा लिहिला व जगभरच्या लोकांनी पुढे जो वाढविला, तीच ही प्रणाली. मुलांनी जाहिरातही लिहून आणली : ‘सार्वजनिक लिनक्स मेळावा’. उणीव होती ती फक्त जागेची.

“आजोबा, तुमची ओळख आहे, तेवढा हॉल मिळवून द्या ना,” नातू म्हणाला.

ज्या ज्ञातिसंस्थेचा मी जुना सभासद आहे, तिचे सभागृह जवळच आहे. विश्वस्तांनी भाडे न घेता होकार दिला. मास्तरकीची सवय जात नाही. मी कागद घेऊन हिशेब मांडला. पडद्यासह एका संगणकास २०० वॅट धरले, तर वीस संगणकांस ४,००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर सतरा अँपिअरहून अधिक वीज लागते. भिंतीतील साधा सॉकेट ६ अँपिअरचा आणि मोठा १६ चा. तेव्हा एकाच सॉकेटवर सारा भार टाकून भागणार नाही. तीन-चार निरनिराळ्या सर्किटांवर तो वाटला पाहिजे. प्रणाली बसविताना मध्येच वीज गेली, तर लोकांची छायाचित्रे व कागदपत्रे धोक्यात. म्हणून आधी त्यांची प्रत काढून ठेवावयाची. प्रणालीची फाइल पाच-सहा जी.बी.ची, वीस जणांनी ती तेथेच उतरवू म्हटले तर इंटरनेट तुंबेल, म्हणून ती पेन ड्राइव्हवर घरूनच न्यावयाची. जागा तळमजल्याची हवी, कारण जड यंत्र उचलून जिना चढणे माझ्यासारख्यास जमत नाही. सभागृह या सर्व कसोट्यांस उतरले. मी मनातून फुशारलो.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामास येणाऱ्या बाईंचा मुलगा आला. तो ओटा स्कीममध्ये राहतो व बारावीत आहे. शेजाऱ्याने दिलेला जुना लॅपटॉप त्याला नीट करून घ्यावयाचा होता. पत्ता ऐकून तो जरा थांबला आणि म्हणाला, “आजोबा, तिथं आम्हाला आत सोडतील ना?”

मी चटकन “अरे, का नाही?” म्हणालो. तेथे कोणीही कोणास अडविलेले नाही, हे खरेच. परंतु दारावर ज्ञातीच्या नावाची पाटी आहे. ती मला इतक्या वर्षांत पाटी म्हणून दिसलीच नव्हती; त्याला ती प्रथम दिसली.

रात्री झोप लागेना. ‘सार्वजनिक’ हा शब्द काही आजचा नव्हे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली आणि गणेश वासुदेव जोशी यांस लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला होता. तरी पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकर स्वतः तळ्यात उतरले तेव्हा. त्या महान घटनेशी आमच्या किरकोळ मेळाव्याची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु कागदावर उघडलेले दार आणि पाऊल टाकावेसे वाटणारे दार यांत अंतर असते, एवढे तीवरून माझ्यासारख्याने शिकावयास हरकत नाही.

सकाळी मुलांस बोलावून मी म्हटले, “जागा बदलू.” एकाने महाविद्यालय सुचविले. सूचना गैर नव्हती. पुण्यात मॉडेल कॉलनीतील सिंबायोसिसच्या संगणक-संस्थेत लिनक्सप्रेमींचा ‘ग्नूनिफाय’ मेळा भरत असे. तारा, टेबले आणि शिकते हात तेथे आयतेच मिळतात. पण फाटकावर पहारेकरी ओळखपत्र मागतो आणि बिचकणारा माणूस तेथूनच परततो. शेवटी महानगरपालिकेच्या शाळेतील तळमजल्याचे दोन वर्ग मागावयाचे ठरले. त्या दारातून सर्वांची मुले रोजच आत जातात.

दिवसाचाही प्रश्न होता. आपल्या औद्योगिक पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांस गुरुवारी सुटी. परंतु दुरुस्तीसाठी वीज बंद राहते तीही बहुधा गुरुवारीच. कामगार यावेत तर गुरुवार हवा, आणि गुरुवार हवा तर जनरेटर हवा. मी संकोचाने त्याच विश्वस्तांकडे गेलो. नकाराचे कारण त्यांस स्पष्ट सांगितले. वडील विश्वस्त क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “पाटी आमची राहू द्या मास्तर, पण जनरेटर आणि टेबले न्या.”

मे महिन्याच्या सुटीतील एक गुरुवार आम्ही मागितला आहे. जाहिरात पुन्हा लिहावयाची होती. ती त्या बारावीच्या मुलाने लिहिली. त्याचे अक्षर वळणदार आहे. ‘सार्वजनिक’ हा शब्द त्याने सर्वांत मोठा काढला आहे, आणि आता तो तेथे शोभतो.