कोट नेमका कुणाच्या मापाचा?

सातवं सेमिस्टर लागलं की आपल्या कॉलेजात दोन गोष्टी हमखास येतात. एक पाऊस आणि दुसरी टी अँड पी सेलची नोटीस. नोटिशीत कंपनीचं नाव, पॅकेज, 'नो लाइव्ह बॅकलॉग' वगैरे सगळं असतं आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत एक ओळ असते : 'बॉइज अँड गर्ल्स, स्ट्रिक्टली इन फॉर्मल्स विथ ब्लेझर.' मुलं ती ओळ वाचतात आणि परत ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात डोकं घालतात. लेडीज होस्टेलमध्ये मात्र त्या रात्री ॲप्टिट्यूड बाजूलाच राहतं आणि रूमरूममधून एकच प्रश्न फिरतो, 'ब्लेझर कुठून आणायचा?'

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. ही ओळ दिसायला मुलामुलींना सारखी आहे, पण ती पाळायला मुलींना कितीतरी जास्त पैसा, वेळ आणि मनस्ताप लागतो. म्हणून मुलींसाठी ब्लेझरची सक्ती काढून टाकावी, नाहीतर कॉलेजनेच त्याची सोय करावी. वाचकहो, 'एवढ्याशा कोटावरून एवढं काय?' असं म्हणून पान उलटू नका. जरा हिशेब बघा.

मुलांचं काय होतं? चंद्रपूरच्या गोलबाजारात शिरलं की सूटचं कापड मिळतं, शिवून देणारे मास्तर मिळतात, आणि लग्नसराई झाली की रेडिमेडवर सूटही मिळते. तोच कोट पुढे चुलतभावाच्या लग्नात आणि मग स्वतःच्या साखरपुड्यातही चालतो. नसेलच घ्यायचा तर काकाचा, जावयाचा, रूममेटचा कोट असतोच. एका कोटात चार पोट्टे चार कंपन्यांना बसलेले मी पाहिले आहेत!

आता मुलींचं बघा. लेडीज टेलर ब्लाउज शिवतो, पंजाबी ड्रेस शिवतो, फॉल-पिको करतो. कोट म्हटलं की मान हलवतो. "आपल्याकडं होत नाही ताई ते काम." जेन्ट्स टेलरला कोट येतो, पण त्याला मुलीचं माप घेताना अवघडल्यासारखं होतं आणि आपल्याला त्याहून जास्त. शेवटी तो अंदाजे माप लिहितो आणि अंदाजेच कोट तयार होतो. रेडिमेडच्या एका दुकानात आम्ही तिघी गेलो होतो. दुकानदाराने आधी विचारलं, "कोणाचं लग्न आहे काऊन?" मग आतून तीन ब्लेझर काढले. एकाला सोनेरी बटणं, दुसऱ्याच्या कॉलरला चमकी, तिसरा साधा काळा, पण माझ्या दुप्पट मापाचा. "थोडा टाईट करून घ्या ना," म्हणे! खांद्यावर सैल असलेला कोट बाजूने टाईट केला की माणूस हँगरवर टांगल्यासारखा दिसतो, हे त्याला कोण सांगणार?

मग उरतं नागपूर. दीडशेच्या आसपास किलोमीटर. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचं तेवढं सोपं झालं. पण सकाळची बस पकडून बर्डीवर पोचायचं, चार-पाच दुकानं हिंडायची आणि होस्टेलच्या हजेरीच्या आत परत यायचं, म्हणजे बसमधून उतरल्यापासून घड्याळाकडेच डोळे. तिथे बऱ्यापैकी ब्लेझर आणि पँट घ्यायची तर दोन महिन्यांचं मेस बिल जातं. आणि एवढं करून तो कोट वापरायचा कधी? इंटरव्ह्यूच्या दिवशी. नंतर मुलगी तो कोणाच्या लग्नात घालणार आहे?

हे झालं चंद्रपुरातल्या मुलीचं. आमच्या होस्टेलवर गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडच्याही मुली आहेत. कुणी अहेरीची, कुणी सिरोंचाची, कुणी भामरागडची. गडचिरोली जिल्हा एवढा मोठा, पण वर्षानुवर्षं रेल्वे पाहायची तर वडसाच. भामरागडहून नुसतं गडचिरोली गाठायला दीडशेहून जास्त किलोमीटर लागतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा जगाशी संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. नेमका त्याच दिवसांत आपला प्लेसमेंट सीझन. घरी गेलेली मुलगी नोटीस व्हॉट्सॲपवर वाचते ती रेंज आली तर. तिच्या बाबांना 'ब्लेझर' म्हणजे काय हे समजावण्यापासून सुरुवात असते. फी झाली, होस्टेल झालं, लॅपटॉप झाला, आता हे काय नवीन? आणि बाबा नाही म्हणत नाहीत, हेच वाईट वाटतं. कुठून तरी आणून देतात.

'ऑनलाइन मागवा ना!' हा सल्ला सगळ्यात सोपा. पण ऑनलाइन साइजचा घोळ विचारू नका. एका कंपनीचा 'मिडियम' तो दुसरीचा 'लार्ज'. याला कारणही आहे. आपल्याकडच्या कपड्यांच्या कंपन्या बराच काळ परदेशी मापांच्याच तक्त्यांवर चालत आल्या. भारतीय माणसाच्या अंगाची मापं घेऊन स्वतःचा तक्ता करावा म्हणून निफ्ट या संस्थेने 'इंडियासाइज' नावाची मोहीम हाती घेतली. सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरने पंचवीस हजार माणसं मोजायची, अशी ती योजना. शहरं कोणती? दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग. काम चांगलंच आहे, पण सध्या तरी आपण मागवायचं, घालून बघायचं, परत पाठवायचं आणि रिटर्न न्यायला माणूस येईपर्यंत ड्राइव्हची तारीख निघून जायची.

बरं, एवढा आटापिटा कशासाठी? 'कंपनीला तसं लागतं', हे उत्तर ठरलेलं. खरंच लागतं का? इन्फोसिसने जून २०१५ पासून आपल्या माणसांना आठवडाभर बिझनेस कॅज्युअल्स घालायची मुभा दिली. म्हणजे आत गेल्यावर जे रोज घालायचं नाही, ते आत जाण्यासाठी विकत घ्यायचं! वकिलांचंच घ्या. काळा कोट ही त्यांची ओळख. तरी बार कौन्सिलच्या नियमांत स्त्री वकिलांना साडी आणि सलवार-कुर्ता दोन्ही चालतात, आणि सुप्रीम कोर्ट, हायकोर्ट सोडलं तर उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही. न्यायाधीशांसमोर उभं राहायला जे चालतं ते एचआरसमोर बसायला का चालू नये? आणि उन्हाळ्याचं म्हणाल तर चंद्रपूरला कोणी सांगायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या घरात असतो. अशा दिवसांत पूल कॅम्पसला अस्तराचा पॉलिस्टर कोट घालून दोन तास रांगेत उभं राहा, मग ग्रुप डिस्कशनमध्ये काय बोलता ते बघू.

इंजिनिअर बाईचा वेश कसा असतो? सप्टेंबर २०१४ मध्ये मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं तेव्हा इस्रोतल्या बायकांचा एक फोटो जगभर गाजला. काठापदराच्या साड्या, केसांत गजरे, आनंदाने एकमेकींना भेटताहेत. त्या साड्यांमुळे यान भरकटलं नाही. आणि सुधा मूर्तींची गोष्ट तर आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेली आहे. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' असं बघून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि पुण्याला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. त्यात मला आवडतो तो भाग वेगळाच. पुण्याला फुकट जायला मिळतंय म्हणून होस्टेलच्या मैत्रिणींनी त्यांच्याकडे साड्या आणायला तीस-तीस रुपये दिले होते. म्हणजे होस्टेल, इंटरव्ह्यू आणि खरेदी हे नातं तेव्हाही होतं! फरक एवढाच की ती खरेदी हौसेची होती. आमची खरेदी धाकाची आहे.

आता दुसरी बाजू. माझ्याच एका मैत्रिणीचं म्हणणं आहे की ब्लेझर घातला की तिचा आवाज सुटतो, ताठ बसता येतं, समोरचा गंभीरपणे घेतो. खोटं नाही. पँट-कोट बायकांना सहज मिळालेला नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये बायकांनी पँट घालून यायचं नाही हा रिवाज १९९३ मध्ये मोडला, तोही दोघी सिनेटर पँट घालून आल्या म्हणून. तेव्हा सूट घालायचा हक्क मोठाच आहे. पण हक्क वेगळा आणि सक्ती वेगळी. ज्या बायकांनी 'हेच घाला' हा नियम मोडला, त्यांच्या कपड्याचा आपण पुन्हा 'हेच घाला' असा नियम करतो, ही गंमतच म्हणायची.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत ज्युनिअर मैत्रिणींसाठी दोन गोष्टी, स्वतः दुकानं हिंडून शिकलेल्या. ब्लेझर घेताना आधी खांदा बघा. खांद्याची शिवण तुमच्या खांद्यावरच संपली पाहिजे. बाही आणि लांबी कमी करता येते, खांदा सहसा नाही. बटण लावून खुर्चीवर बसून बघा, कारण इंटरव्ह्यू बसूनच होतो. खिशात हात घाला. बायकांच्या ब्लेझरला पुष्कळदा नुसतं खिशाचं तोंड असतं, खिसा नसतो. कधी खिसा असतो, पण टाक्यांनी बंद केलेला. ते टाके आणि मागच्या फटीवरचा फुलीसारखा दोरा उसवायचा असतो, बाहीवरचं लेबलही काढायचं असतं. एक ताई ते सगळं तसंच ठेवून बसल्या होत्या आणि सिलेक्टही झाल्या, ही गोष्ट वेगळी. काळ्यापेक्षा गडद निळा घ्या, आपल्याकडची धूळ काळ्यावर लगेच दिसते. आणि देवाशपथ, होस्टेलच्या बादलीत गरम पाण्यात भिजवू नका. आतलं चिकटवलेलं कापड सुटतं आणि छातीवर फुगे येतात. पँट मात्र रेडिमेड घेऊच नका. चांगल्या बसणाऱ्या जुन्या पँटचं माप देऊन शिवून घ्या, स्वस्त पडते.

आता टी अँड पी सेल आणि सरांना विनंती. पहिली, नोटिशीतल्या ओळीत 'ऑर नीट सलवार-कुर्ता ऑर सारी' एवढे शब्द वाढवा. आरमोरीकडच्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर बांधव जो कोसा पिकवतात, त्याची ओढणी घेऊन या जंगलातली मुलगी मुलाखतीला बसली तर ती कमी प्रोफेशनल कशी दिसेल, ते मला तरी कळत नाही. दुसरी, कंपनी खरंच ब्लेझर मागते का, हे आधी त्यांना विचारा. बऱ्याचदा ही अट कंपनीची नसून आपलीच असते, अशी मला शंका आहे. तिसरी, ब्लेझर हवाच असेल तर कॉलेजने वेगवेगळ्या मापांचे दहा-बारा ब्लेझर घेऊन लेडीज होस्टेलच्या ऑफिसात एका कपाटात ठेवावेत. लॅबमध्ये आपण ड्राफ्टर आणि मल्टिमीटर इश्यू करतोच ना? तसाच रजिस्टरवर सही करून ब्लेझर इश्यू करा. ड्राइव्ह झाला की परत.

आणि पास होऊन निघालेल्या सीनियर ताईंना एक सांगणं. तुमचा ब्लेझर आता पेटीत कसर लागायची वाट बघत पडणार आहे. मे महिन्यात रूम खाली करताना तो रेक्टर मॅडमकडे देऊन जा. खिशात एक चिठ्ठी ठेवा, साइज लिहून, आणि तुम्हाला कोणकोणते प्रश्न विचारले होते तेही लिहून. पुढच्या जुलैत तो कोट जिच्या अंगावर चढेल तिला दोन्ही गोष्टी उपयोगी पडतील. त्यातही चिठ्ठी जास्त.