टाक्याचे, दुर्बिणीचे आणि राहून गेलेले तिसरे

मुंबई, प्रतिनिधी

गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, की घरात पहिला प्रश्न येतो तो ‘टाक्याचे की दुर्बिणीचे?’ पर्याय जणू दोनच. या दोन्हींहून जुना असलेला तिसरा मार्ग, म्हणजे पोटावर एकही छेद न देता योनिमार्गे केली जाणारी शस्त्रक्रिया, चर्चेतही येत नाही.

पोट उघडल्यास पूर्ववत होण्यास साधारण सहा आठवडे लागतात. दुर्बिणीतून वा योनिमार्गे शस्त्रक्रिया झाल्यास रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो आणि रोजच्या कामांना लवकर लागतो. ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ मधील अहवालाने, कर्करोग नसलेल्या रुग्णांत शक्य असेल तेथे योनिमार्गालाच प्राधान्य द्यावे, असा निष्कर्ष काढला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाला इजा होण्याचे प्रमाण पोट उघडण्याच्या तुलनेत अधिक आढळले. महागड्या यंत्रमानवाचा वेगळा लाभ सिद्ध झाला नाही. (गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पोट उघडून केलेली शस्त्रक्रियाच सरस ठरली. लहान छेद नेहमीच हिताचा, असे नाही.)

मग तिसरा मार्ग मागे का पडला? गर्भाशय फार मोठे असेल किंवा आत चिकटपणा असेल तर तो योग्य नसतो, हे खरे. परंतु आधी सीझर झाले आहे किंवा गर्भाशय खाली सरकलेले नाही, एवढ्यावरून तो नाकारण्याचे कारण नाही, हे मुंबईचेच ज्येष्ठ शल्यविशारद डॉ. शिरीष शेठ यांनी वर्षानुवर्षे मांडले. खरी अडचण कौशल्याची असावी. हात बसायला वेळ लागतो, आणि जाहिरातीत दाखविण्याजोगे यंत्र यात नसते.

‘लवकर बरे होणे’ या शब्दांचाही अर्थ तपासायला हवा. मार्ग कोणताही असो, गर्भाशय काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाला घातलेले टाके आतच असतात. ते भरेपर्यंत, साधारण सहा आठवडे, जड वजन उचलू नये असे सांगितले जाते. कार्यालयात बसून काम करणाऱ्या स्त्रीला हे पथ्य जमते. बीडमध्ये काय होत असेल? आरोग्य विभागाच्या २०१९ मधील सर्वेक्षणात तेथील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यातील अनावश्यक किती, हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर प्रश्न. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. पण शस्त्रक्रिया झाल्यानंतरच्या सहा आठवड्यांचे काय? मुकादमाची उचल फिटलेली नसते, खाडा झाला तर पैसे कापले जातात, आणि फडातली मोळी डोक्यावरच न्यावी लागते.